पांढऱ्या धातूची पारख

जुना कॅमेरा दुरुस्तीला आणणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. चालू होईल का, खर्च किती येईल, आणि विकायचा म्हटला तर काय मिळेल. हे तिन्ही विचारून झाले की चौथा येतो, जरा खालच्या आवाजात: “काका, हे ओरिजिनल आहे ना?” फोर्टातल्या माझ्या टेबलावर १९३०च्या दशकातली एखादी जर्मन लेन्स असली, तर या चौथ्या प्रश्नाचं घोडं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन अडतं. लेन्सच्या नळीवरचा पांढरा मुलामा निकेलचा की क्रोमचा?

बाहेरच्या माणसाला हा वाद हास्यास्पद वाटेल. दोन्ही पांढरे, दोन्ही धातू, आणि फोटो तर काचेतून येतो, मुलाम्यातून नाही. पण संग्राहकांसाठी त्या रंगात कॅमेऱ्याचं साल दडलेलं असतं. वेट्झलारच्या एर्न्स्ट लाइट्झ कंपनीने १९२५ साली लाइपझिगच्या वसंत जत्रेत पहिला लायका मांडला, तेव्हा त्याचं अंग काळ्या रंगाने रंगवलेलं होतं आणि बटणं, चाकं, लेन्सची नळी निकेलची होती. १९३०मध्ये लेन्स आट्यांवर फिरवून बदलता येऊ लागली, १९३२मध्ये अंतर मोजणारा रेंजफाइंडर असलेला दुसरा लायका आला, तरी पेहराव तोच होता: काळं अंग, निकेलचे दागिने. १९३३मध्ये लायका थ्री आला आणि त्याच्या पाठोपाठ क्रोम आलं. झाइस इकॉनचा १९३२चा काँटॅक्सही काळा आणि निकेलचाच. १९३६चा दुसरा काँटॅक्स मात्र अंगभर क्रोम लेवून उतरला. म्हणजे चार-पाच वर्षांच्या आत जर्मनीतल्या उत्तम कॅमेऱ्यांनी कपडे बदलले. त्यामुळे काळ्या-निकेल लायकावर क्रोमची एल्मार (लाइट्झचीच लेन्स) दिसली की जाणकार भुवई उंचावतो, आणि जोडी जुळलेली असली की खिशात हात घालतो.

कपडे बदलण्यामागे फॅशनपेक्षा रसायन जास्त होतं. निकेलचा मुलामा ही तेव्हाच जुनी विद्या होती. आयझॅक ॲडम्सने अमेरिकेत १८६९मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं, आणि १९१६मध्ये ऑलिव्हर वॉट्सने निकेलच्या हौदाचं जे मिश्रण सांगितलं, त्याच्याच सुधारित आवृत्त्या आजही कारखान्यांत चालतात. क्रोमचा थर धंद्याच्या प्रमाणावर भरवशाने चढवता येऊ लागला तो १९२०च्या दशकात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या कॉलिन फिंक आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कामानंतर. क्रोम निकेलपेक्षा कितीतरी कठीण असतं, आणि हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा इतका पातळ आणि घट्ट पापुद्रा धरतो की ते काळवंडत नाही. दिवसभर घामेजल्या बोटांत फिरणाऱ्या यंत्राला आणखी काय हवं?

इथपर्यंतची माहिती वाचून मिळते. टेबलावर बसल्यावर पहिली अडचण येते ती अशी की लोकांच्या डोक्यात क्रोमचं चित्रच वेगळं असतं. स्कूटरचा बंपर, न्हाणीघरातला नळ, सायकलची घंटा यांच्यामुळे क्रोम म्हणजे चकचकीत, तोंड दिसेल असं, हे आपल्या मनात पक्कं बसलंय. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या लायकाच्या बाबतीत ते नेमकं उलटं आहे. लाइट्झचं क्रोम मंद, दाणेदार, मोत्यासारख्या झाकेचं असतं. पितळेचा पृष्ठभाग आधी बारीक खरखरीत करून घ्यायचा आणि मग क्रोम चढवायचं, म्हणजे प्रकाश विखुरतो आणि डोळ्यांवर तिरीप येत नाही. उलट निकेलची जुनी एल्मार पुष्कळदा चांगली चमकत असते, त्यातून घरातल्या कुणी हौसेने ती पुसत ठेवली असेल तर विचारायलाच नको. गिऱ्हाईक ती चमक दाखवून “हे तर क्रोम” म्हणतं आणि शेजारच्या मंद नळीकडे बोट करून “हे निकेल” म्हणतं. दोन्ही उत्तरं चूक, आणि चूक अगदी आत्मविश्वासाने. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना म्हणूनच मी आधी सांगतो: चमक बघू नका. चमक पृष्ठभागाच्या घडणीतून येते, रंग धातूतून. या दोन गोष्टी मनात वेगळ्या झाल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

आता रंग. निकेल प्रकाशाच्या निळ्या टोकाकडे थोडं कमी परावर्तन करतं, म्हणून त्याचा पांढरा किंचित पिवळसर, उबदार दिसतो. क्रोमचा पांढरा थंड, निळसर झाक असलेला. फरक असा की नीळ दिलेलं धोतर आणि बिननिळीचं धोतर एका दोरीवर वाळत घातलं तरच कळावा; एकेकटं नेसलेलं दोन्ही पांढरंच. म्हणूनच हातात फक्त एक लेन्स घेऊन “हे निकेल” असं छातीठोक सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. मी टेबलाच्या खणात दोन कडी ठेवली आहेत. एक निकेलचं, एका तुटक्या एल्मारचं. दुसरं युद्धोत्तर क्रोमचं. दोघांची जात मला पक्की ठाऊक आहे. आलेली लेन्स मधे ठेवायची, खाली कोरा पांढरा कागद, आणि मग ती कोणाच्या बाजूला झुकते ते बघायचं. डोळा एकट्या रंगाला नाव ठेवण्यात कच्चा असतो, पण दोन रंगांतलं अंतर ओळखण्यात फार तरबेज.

तरीही फसायला वाव राहतोच, कारण धातू आरसा असतो. गुळगुळीत निकेलमध्ये खिडकीबाहेरचं निळं आकाश पडलं की ते क्रोम वाटतं. क्रोमच्या नळीत सागवानी टेबल पडलं की तीच निकेल वाटते. दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली सगळंच निकेल. स्वस्त पांढऱ्या एलईडीखाली सगळंच क्रोम. म्हणून मी निवाडा कधी दिव्याखाली करत नाही. ढगाळ दिवसाचा, खिडकीतून येणारा सपाट उजेड सगळ्यात चांगला, आणि तो मुंबईत पावसाळ्यात भरपूर मिळतो. गंमत अशी की डोळ्याला जो ऋतू सगळ्यात सोयीचा, तोच निकेलला सगळ्यात जाचक. हवेतला दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर गेला आणि त्यात गाड्यांच्या, कारखान्यांच्या धुरातला गंधकाचा अंश मिसळला, की उघड्या निकेलवर हळूहळू धुकं धरतं. कपड्याने पुसलं की सुरुवातीला जातं; पुसायचं राहून गेलं तर नंतर जात नाही. दादर-गिरगावातल्या घरांत कपाटात राहिलेल्या निकेलच्या लेन्सवर हे धुकं मी पुष्कळदा पाहिलंय. क्रोमवर ते येत नाही. तेव्हा ते धुकं स्वतःच एक पुरावा होतं.

हल्ली लोक आधी मोबाइलवर फोटो पाठवतात. त्या फोटोवरून मी निकेल-क्रोम सांगत नाही. मोबाइल स्वतःच्या अकलेने पांढऱ्याचा तोल बदलतो, आणि त्या तोलाच्या फरकापेक्षा आपल्याला शोधायचा फरक लहान असतो. फार आग्रह झाला तर सांगतो: लेन्स खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर ठेवा, शेजारी घरातली नक्की क्रोमची असलेली एखादी वस्तू ठेवा आणि दोन्ही एकाच फोटोत घ्या. तेवढ्यावरून निदान अंदाज बांधता येतो.

रंगाच्या पुढची पायरी झिजेची. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावायचं आणि जिथे बोटं सतत लागतात तिथे बघायचं: फोकसच्या कुलुपाची घुंडी, नर्लिंगची (पकडीसाठी कोरलेल्या दातांची) टोकं, पुढच्या कड्याची धार. सजावटीचं क्रोम सहसा थेट पितळेवर बसवत नाहीत. खाली निकेलचा थर असतो आणि वर क्रोमचा अगदी पातळ, मायक्रॉनच्या अंशाइतका पापुद्रा. म्हणून झिजलेल्या क्रोमच्या कडेला तीन रंग एकामागे एक सापडतात: निळसर पांढरा, मग पिवळसर पांढऱ्याची बारीक रेघ, मग पितळेचा खरा पिवळा. निकेल झिजलं की मधला टप्पा नसतोच, पांढऱ्यातून थेट पितळ उघडं पडतं. आणि झीज होण्याची रीतही निराळी. निकेल मऊ, म्हणून त्याच्यावर केसासारखे बारीक ओरखडे सगळीकडे पसरलेले असतात आणि नर्लिंगचे दात बोथटतात. क्रोम ओरखड्याला सहज दाद देत नाही. टिकतं तोवर टिकतं आणि मग एखाद्या कोपऱ्यात फुगवटा येऊन पापुद्रा सुटतो.

रंग आणि झीज बघून झाली की तिसरी पायरी खोबणींची. तिचं शास्त्र मी पुस्तकातून शिकलो नाही. वसईच्या औद्योगिक वसाहतीत एका प्लेटिंगवाल्याच्या गाळ्यात ते मला समजलं. तिथे दोन हौद शेजारी शेजारी होते. निकेलचा हौद पाचूसारखा हिरवा, शांत; क्रोमचा लालसर नारिंगी, बुडबुड्यांनी उकळल्यासारखा दिसणारा, आणि वर विषारी वाफ ओढून घेणारा पंखा. निकेलच्या हौदात वस्तू बराच वेळ टांगून ठेवत होते. क्रोमच्या हौदात थोड्याच मिनिटांत काम उरकत होतं. क्रोमच्या हौदात दिलेल्या विजेचा बराचसा भाग हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात वाया जातो, आणि हे क्रोम खोल जागी पोचायला अगदी नाखूष असतं, असं त्या मालकाने मला एका नळाची आतली बाजू दाखवून सांगितलं. बाहेरून नळ निळसर, आतल्या वळणात मात्र पिवळसर निकेलच दिसत होतं. तेव्हापासून मी लेन्सवरही तेच बघतो. कुलुपाच्या घुंडीमागे, स्क्रूच्या खळग्यात, नर्लिंगच्या खोल तळाशी रंग बदलत असेल तर वस्तू क्रोमची असण्याची शक्यता वाढते. सगळीकडे एकच उबदार रंग असेल तर निकेल. अर्थात तळाशी साचलेली घाण आणि जुन्या ग्रीसने पितळेतून काढलेला हिरवट मळ आधी लाकडी काडीने हळूच बाजूला करावा लागतो. नाहीतर मळालाच निकेल समजायची वेळ येते.

इतकं करूनही गिऱ्हाईक विचारतं, “काका, पण खात्रीने?” हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे, खात्रीच्या चाचण्या आहेत. हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब क्रोमला चटकन खातो आणि फेसाळतो, निकेलला तो पटकन काही करत नाही. प्लेटिंगवाले जुनं क्रोम काढायला हेच ॲसिड वापरतात. निकेल ओळखायला आणखी एक नाजूक रसायन आहे, डायमिथिलग्लायऑक्झिम. १९०५मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ चुगायेवने त्याचा उपयोग दाखवला. कापसाच्या बोळ्यावर ते आणि अमोनिया घेऊन घासलं की निकेल असेल तर बोळा गुलाबी होतो. ज्यांना निकेलच्या दागिन्याने अंगावर पुरळ येतं, ते हीच चाचणी वापरतात. काही जण चुंबक घेऊन येतात. निकेलला चुंबक ओढतो हे खरंच. पण क्रोमच्या खालीही सहसा निकेल असतं, शिवाय आत पोलादी स्क्रू आणि पोलादी पाती असतात, त्यामुळे चुंबकाची साक्ष कुठल्याच बाजूने उपयोगाची नाही. आणि सगळ्यात सोपी घरगुती चाचणी म्हणजे ब्रासो: घासून बघा, चमकतंय का.

यातली एकही चाचणी मी लेन्सवर करत नाही. ॲसिड उत्तर देतं आणि उत्तर देतानाच ज्याच्याबद्दल विचारलं तो थर घेऊन जातं. डायमिथिलग्लायऑक्झिम बिचारं सौम्य, पण त्याच्या सोबतचा अमोनिया ताण पडलेल्या पितळेला तडे पाडू शकतो, आणि क्रोम जिथे पातळ किंवा उडालेलं असेल तिथे खालचं निकेलच “हो, मी आहे” म्हणतं. ब्रासोने तर निकेल घासून जातं आणि कोरलेल्या आकड्यांतला काळा रंगही निघतो. मग मागे उरतं ते चकचकीत पितळ आणि वाचता न येणारे छिद्रमापाचे आकडे. या धंद्यात मला सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात पक्कं पटलेलं सत्य हेच: माझ्या टेबलावर जी परीक्षा खात्री देते ती वस्तूच खाते, आणि जी परीक्षा वस्तू राखते ती फक्त कल सांगते. कल पुष्कळ बाजूंनी एकाच दिशेला दिसला तर त्याला खात्रीच्या जवळ नेता येतं. त्यापुढे जायचं नाही, हे स्वतःला बजावायचं.

एका तरुण गिऱ्हाइकाला हे पटवताना मी हरलो, ती हकीकत सांगतो. ठाण्याचा मुलगा, आयटीतला. आजोबांचा काळा लायका आणि त्यावर मंद क्रोमची पाच सेंटिमीटरची एल्मार. एका विक्रेत्याने त्याला सांगितलं होतं की काळ्या लायकावर निकेलच हवं, ही लेन्स “नंतरची” आहे, म्हणून किंमत निम्मी. मुलाचा उपाय सरळ होता: लेन्सचं क्रोम काढून वर निकेल चढवून घ्यायचं.

“म्हणजे सेट मॅच होईल ना, काका?”

“मॅच होईल. पण मग तो तुमच्या आजोबांचा राहणार नाही,” मी म्हणालो.

मी त्याला लेन्स उलटी करून दाखवली. मागच्या बाजूच्या आट्यांपाशी शून्य कोरलेलं होतं. १९३०च्या पहिल्या बदलता येणाऱ्या लेन्स ज्या त्या कॅमेऱ्याला बसवून दिल्या जात, दुसऱ्या कॅमेऱ्यावर त्यांचा फोकस बरोबर येण्याची हमी नव्हती. १९३१पासून लाइट्झने लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिलिमीटरवर पक्कं केलं आणि तशा लेन्सवर, कॅमेऱ्यावर शून्य कोरायला सुरुवात केली. या लेन्सवर शून्य होतं, छिद्राचे आकडे जुन्या युरोपीय मोजणीचे होते, म्हणजे ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५ आणि १८. युद्धानंतरच्या लेन्सवर ४, ५.६, ८, ११ अशी मोजणी येते. काचेवर निळसर लेप नव्हता. झाइसच्या स्माकुलाने काचेवरच्या लेपाची पद्धत १९३५मध्ये शोधली, आणि लाइट्झच्या लेन्सवर तो लेप नेहमीचा झाला तो युद्धानंतर. म्हणजे लेन्स १९३३ ते युद्धाच्या दरम्यानची, आणि तिचा क्रमांकही त्याच काळात बसत होता. कॅमेरा थोडा आधीचा असेल, लेन्स थोडी नंतरची. आजोबांनी कॅमेरा आधी घेऊन लेन्स नंतर घेतली असेल, पहिली विकून दुसरी घेतली असेल, किंवा काही वेगळंच.

आणखी एक शक्यता मी त्याला सांगितली, कारण विक्रेते ती सोयीने विसरतात. लाइट्झ जुने कॅमेरे वेट्झलारला परत घेऊन त्यांची सुधारणा करून देत असे. पहिल्या लायकाला रेंजफाइंडर बसवून त्याचा दुसरा किंवा तिसरा करून देत, आणि मालकाला हवं असेल तर काळं अंग क्रोमचंही करून देत. म्हणजे निकेलच्या काळातला क्रमांक आणि अंगावर क्रोम, हे सगळं कारखान्याच्याच हातचं असू शकतं. “ओरिजिनल” म्हणजे कारखान्यातून पहिल्यांदा बाहेर पडतानाचं रूप, की मालकाने पैसे मोजून कारखान्याकडूनच करून घेतलेलं दुसरं रूप? मुलाम्याच्या रंगावरून याचं उत्तर निघत नाही.

मुलगा ऐकून गेला, आणि काही महिन्यांनी परत आला. लेन्स निकेलची झाली होती. कुठे करून घेतली ते मी विचारलं नाही. काम बघून विचारावंसं वाटलं नाही. मुलामा चढवण्याआधी बफिंगच्या चाकावर नळी धरली गेली होती, त्यामुळे कोरीव आकड्यांच्या धारा गोल झाल्या होत्या. त्यांत ताजा काळा रंग भरला होता, जास्तच काळा. नर्लिंगच्या दातांची टोकं गेली होती. आणि मुख्य म्हणजे आट्यांवरही निकेल चढलं होतं, त्यामुळे लेन्स कॅमेऱ्यावर अर्धी फिरून अडकत होती. “काका, जरा फिरत नाहीये” असं सांगत तो आला होता. आटे मोकळे करून मी ती चालती करून दिली. विक्रेत्याने या वेळी काय किंमत सांगितली ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नव्या निकेलची रंगछटा अगदी योग्य होती, हे मात्र मान्य करायला हवं. रंगाच्या एकट्या परीक्षेत ती लेन्स पहिल्या क्रमांकाने पास झाली असती.

ही हकीकत मी शिकणाऱ्या पोरांना सांगतो ती उपदेश म्हणून नाही. त्यांना नव्याने चढवलेला मुलामा ओळखता यावा म्हणून सांगतो. अस्सल जुन्या निकेलच्या नळीत आकड्यांच्या धारा तीक्ष्ण असतात, जिथे हात पोचतात तिथेच झीज असते, आणि नळी बाहेर ओढल्यावर आत दडलेला भाग वरच्या भागापेक्षा उजळ निघतो. दुबार मुलाम्यात सगळीकडे सारखाच नवेपणा आणि सारखाच बोथटपणा असतो. जुन्या वस्तूवर काळ असमान फिरलेला असतो. तो असमानपणा हाताने बनवायला फार कठीण आहे. बनवणारे आहेत, पण थोडे.

बनावटीचा विषय निघालाच आहे तर सोव्हिएत लेन्सबद्दल दोन शब्द. खार्कोवच्या जेर्झिन्स्की कम्यूनने १९३४पासून दुसऱ्या लायकाची हुबेहूब नक्कल, फेद, बनवायला सुरुवात केली. फेद आणि पुढच्या काळातले झोर्की कॅमेरे घासून, रंगवून, त्यांवर लायकाची नावं कोरून विकण्याचा धंदा अनेक वर्षं चालत आलाय, आणि असे “सोनेरी” किंवा “निकेल” लायका चोर बाजारातही दिसतात. त्यांच्या लेन्सवर एल्मार कोरलेलं असतं आणि मुलामाही अगदी निकेलसारखा उबदार असतो. तिथे मी मुलाम्याकडे बघतच नाही. समोरून काचेत बघतो. माक्स बेरेकने आखलेल्या एल्मारमध्ये छिद्राची पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात. झाइसच्या टेसार लेन्सच्या घडणीच्या सोव्हिएत लेन्समध्ये ती दुसऱ्या काचेच्या मागे, आत खोल असतात. मुलामा बदलता येतो, काचांची मांडणी बदलणं परवडत नाही. कधी कधी रंगाचं उत्तर शोधण्याआधी रंगाचा प्रश्न विचारायची गरज आहे का, हे ठरवणंच जास्त महत्त्वाचं असतं.

असाच घोळ दुसऱ्या पांढऱ्या धातूंचाही होतो. फार जुन्या कॅमेऱ्यांवर जर्मन सिल्व्हरचे भाग असतात. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. मुलामा नाहीच, आरपार पांढरा, म्हणून कितीही झिजला तरी खाली पितळ निघत नाही. युद्धानंतरच्या कित्येक सोव्हिएत लेन्स ॲल्युमिनियमच्या आहेत. त्या हातात घेतल्या की वजनच सांगतं. दोन्ही ओळखायला सोपे, पण ते डोक्यात नसले की निकेल-क्रोमच्या तागडीत भलतंच माप पडतं.

इतकी वर्षं हे करताना मला एक कळलंय की गिऱ्हाइकाला उत्तर हवं असतं, आणि बाजाराला एक शब्द हवा असतो. “निकेल” हा शब्द पावतीवर लिहिला की तो मी लिहिला म्हणून पुढच्या विक्रीत फिरतो, आणि पुढचा माणूस माझ्या शब्दावर पैसे मोजतो. म्हणून मी आता पावतीवर एक शब्द लिहीत नाही. मी जे बघितलं ते लिहितो: नळीचा रंग कोणत्या कड्याच्या जवळचा, झीज कुठे आणि कोणत्या रंगांत, खोबणीत काय, आकड्यांच्या धारा कशा, मागच्या बाजूला शून्य आहे की नाही, छिद्रमोजणी जुनी की नवी, काचेवर लेप आहे का. शेवटी “बहुधा निकेल, मूळ मुलामा” किंवा “बहुधा क्रोम, दुबार नाही”, आणि खाली सही. काही विक्रेत्यांना हा “बहुधा” खटकतो. एकाने तो खोडून द्या म्हणून विनंतीही केली. खोडला नाही, तेव्हा तो दुसऱ्याकडे गेला. त्याचं काम तिथे झालं असेल. माझ्या पावत्या मात्र लोक लेन्ससोबत जपून ठेवतात असं ऐकतो, कारण पुढच्या जाणकाराला त्यावर वाद घालता येतो. खिडकीपाशी तीच लेन्स धरून तो माझी एकेक ओळ तपासू शकतो, आणि लेन्स शाबूत असल्यामुळे मला खोटंही पाडू शकतो.